स्मॅश अल्टिमेट: नवख्याला आयटम बंद करूनच शिकवावं का?

काठीबहाद्दर
'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' (निन्टेन्डो स्विचवरचा मारामारीचा गेम, २०१८) कुणाला शिकवायचा असेल तर आयटम (सामन्यात मध्येच पडणाऱ्या वस्तू) पहिल्या दिवसापासून बंद ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. सरळ स्पर्धेचे नियम लावा: ३ स्टॉक (जीव), ७ मिनिटं, आयटम नाहीत, स्टेजचे धोके बंद, फायनल स्मॅश मीटर (भरला की महावार देणारा) बंद, पॉज बंद. चौघांच्या गर्दीत बॉब-ऑम्ब (चालता बॉम्ब) फुटून उडालो तर आपलं काय चुकलं ते नवख्याला कळत नाही. वन-व्ही-वनमध्ये (एकास एक) लगेच कळतं. स्टेजच्या कडेबाहेर फेकला गेला की तो घाबरून दुसरी उडी तिथल्या तिथे वापरून टाकतो, मग वर-बी (कंट्रोलरची काठी वर धरून बी दाबल्यावरची झेप) कडेपर्यंत पोचत नाही. दुसरी उडी राखून ठेवायची आणि आधी नुसती काठी स्टेजकडे धरून जेवढं आत येता येईल तेवढं यायचं, एवढं जमलं तरी निम्मे स्टॉक वाचतात.

गेमसुद्धा हा प्रकार वेगळा धरतो. दोनच खेळाडू आणि आयटम बंद असले की डॅमेज १.२ पट होतं.

ढालगज
साफ असहमत. १.२ पट हा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. मूळ आकडे गर्दीसाठी बसवलेत, म्हणून तर वन-व्ही-वनला वरून भर घालावी लागली.

आणि आयटम म्हणजे सगळे चालू नाहीतर सगळे बंद, असं कुठे आहे? नियमांच्या मेन्यूत प्रत्येक आयटम वेगळा निवडता येतो. प्रमाण 'कमी' ठेवा. असिस्ट ट्रॉफी, पोके बॉल आणि स्मॅश बॉल काढा, कारण ते सामना स्वतःच्याच हातात घेतात. बीम सोर्ड, होम-रन बॅट आणि खाण्याच्या वस्तू राहू द्या. आयटम हवेत झेलणं, पाठ फिरवून फेकणं, हातात वस्तू असताना साधा हल्ला होत नाही हे लक्षात ठेवणं, हे सगळं पुढे लागतंच. पीचचे सलगम, डिडीची केळी, लिंकचा बॉम्ब, स्नेकचे ग्रेनेड स्पर्धेतही असतातच की!

फ्रेममोजणी
दोघांचंही ऐकलं, पण खरी अडचण कंट्रोल्समध्ये आहे. सुरुवातीला काठी वर केली की उडी बसते. नवख्याला वरच्या दिशेचा टिल्ट (हलका वार) हवा असतो आणि पात्र उडतं. काठीची उडी आधी बंद करा. उजवी काठी स्मॅशऐवजी (जोरदार वार) टिल्टवर लावा.

मग छोटी उडी. जमीन सोडण्यापूर्वी प्रत्येक पात्राला ३ फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यात बटण सोडलं तरच उडी छोटी होते. नवख्या बोटांना हे जमत नाही. दोन उडी-बटणं एकदम दाबली की हमखास छोटी उडी मिळते. उडी आणि हल्ला एकत्र दाबला तर छोट्या उडीतला हल्ला आपोआप निघतो. मात्र छोट्या उडीतल्या हवाई हल्ल्यांचं डॅमेज ०.८५ पट असतं, आणि उडी-हल्ला एकत्र दाबायचा तो शॉर्टकट लागलाच तर हल्ला केव्हा काढायचा हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून आठवड्याभराने दोन उडी-बटणांची सवय लावा.

आयटम चालू की बंद, हा वाद त्यानंतरचा.

काठीबहाद्दर
@ढालगज, पीचचा सलगम ती उपटताना समोरच्याला दिसतो. पेटी कुठे पडेल ते कुणालाच दिसत नाही. मेलीच्या (याच मालिकेतला जुना गेम, २००१) सुरुवातीच्या स्पर्धांत आयटम चालू असायचे. हल्ला निघालेला असताना मध्येच स्फोटक कॅप्सूल पडायची आणि मारणाराच उडायचा. म्हणून ते गेले, कुणाच्या अहंकारापायी नाही.

ढालगज
मान्य, पण तो निर्णय बक्षिसाच्या पैशासाठी होता. घरच्या सोफ्यावर बक्षीस नसतं. तिथे हातात कंट्रोलर पहिल्यांदाच धरणारा असतो, आणि सलग हरला की तो पुन्हा बसत नाही. शिवाय 'निव्वळ कौशल्य' स्पर्धेत तरी कुठे शिल्लक आहे? स्टीव्ह (माइनक्राफ्टमधलं पात्र) २०२० मध्ये आला, आणि पुढे कितीतरी स्थानिक स्पर्धांना त्याच्यावर बंदी घालावी लागली.

जर्सीसिटी_कट्टा
अमेरिकेत बसून पुण्यातल्या भाच्याला शिकवणाऱ्यांनी हेही बघावं. अल्टिमेटचं ऑनलाइन डिले-बेस्ड आहे. समोरच्याचं इनपुट येईपर्यंत दोन्ही मशीन थांबतात. मेलीला चाहत्यांनी बनवलेल्या स्लिपीमुळे २०२० मध्ये रोलबॅक (न थांबता अंदाजाने पुढे जाऊन चूक नंतर दुरुस्त करणारी पद्धत) मिळाला, अल्टिमेटला नाही. पॅरीसाठी (वार अचूक वेळी अडवण्यासाठी) ढाल सोडल्यानंतरच्या पहिल्या ५ फ्रेममध्ये वार यावा लागतो, आणि एवढ्या अंतरावर ते नशिबावरच राहतं. वन-व्ही-वनची शिस्त अशा कनेक्शनवर शिकवली तर चुकीचं टायमिंग हातात बसतं, आणि ते नंतर मोडणं जड जातं. लांबून खेळायचं तर आयटम चालू ठेवून मजेत खेळा, आणि भाच्याला एकट्याला ट्रेनिंग मोडमध्ये रोज दहा मिनिटं छोट्या उड्या मारायला सांगा.

क्विकप्लेवर (अनोळखी खेळाडूंशी आपोआप जुळणाऱ्या सामन्यांवर) विसंबू नका. तिथे नियमांची फक्त पसंती देता येते, सामना दुसऱ्याच्या नियमांनी लागू शकतो. पासवर्डचा अरेना (खासगी खोली) उघडा. आणि वायफाय नको: ओएलईडी मॉडेलच्या डॉकला लॅनचं भोक आहे, जुन्या डॉकला यूएसबी लॅन अडॅप्टर लावावा लागतो.