रिफ्रॅक्टोमीटर ३५ म्हणतो, हायड्रोमीटर १.०२९

प्रश्न: समुद्री मत्स्यटाकीच्या पाण्याचा खारटपणा मोजतोय. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा मोजणारा) आरओ म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने शून्यावर जुळवलाय, तो ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) दाखवतो. काट्याचा हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून मोजणारा) १.०२९ वर, म्हणजे त्याहून जास्त खारट. खरं कोणाचं?

उत्तर १: काट्याला बुडबुडे चिकटले की तो उचलला जातो आणि रीडिंग फुगतं. टिचकी मारून झाडा. पण नुसत्या शून्यावरही विसंबू नका. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी बऱ्याचदा साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते, समुद्राच्या नव्हे. समुद्राच्या पाण्याच्या ३५ पीपीटीशी जुळणाऱ्या प्रमाण द्रावणानेच स्क्रू जुळवा.

उत्तर २: ते द्रावण घरीही बनतं, ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकाच प्रकाश वाकवणारं: ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात. कंडक्टिव्हिटी मीटरला (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणाऱ्या) मात्र हे चालत नाही! त्याला २५ अंश सेल्सियसला ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंमीचं द्रावण हवं.

उत्तर ३: रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच वाचा, काचेचं नि थेंबाचं तापमान एक व्हायला हवं.