पगार ४० टक्के जास्त, पण भाडं धरलंत का?

नोकरीसाठी शहर बदलायचं का, यावर कुणीतरी म्हटलंय की नवीन शहर राहणीखर्चाच्या इंडेक्सप्रमाणे २० टक्केच महाग आहे, पगार ४० टक्के जास्त मिळतोय, मग विचार कसला करायचा. अहो थांबा जरा! शहरांच्या खर्चाची तुलना करणाऱ्या नम्बिओ या वेबसाइटचा कॉस्ट ऑफ लिव्हिंग इंडेक्स न्यूयॉर्कला १०० धरतो पण त्यात घरभाडं नसतंच, त्याचा इंडेक्स वेगळा असतो, शिवाय बरेचसे आकडे लोकांनीच भरलेले.

समजा हातात १०० येतात, भाडं २०, बाकी खर्च ५०, उरले ३०. तिकडे १४० येणार, भाडं ५५, बाकी खर्च ६०, उरले २५! मी शहर बदललं तेव्हा हे गणित केलंच नव्हतं, डिपॉझिट भरतानाच साठवलेलं सगळं गेलं आणि रोज जाऊन येऊन तीन तास प्रवासात, घरी पोचायचो तोवर मुलगी झोपलेली असायची. हे कुठल्या इंडेक्समध्ये बसवणार?

टॅक्स कापून हातात किती येतात आणि ऑफिसजवळ भाडं किती, हे आधी विचारा. हां, पुढे स्वस्त शहरात परतायचंच असेल तर मात्र बचतीचे टक्के नाही, रक्कम बघा, महागड्या शहरात टक्का कमी असूनही रक्कम जास्त पडू शकते.