कोकण कळलेला सिनेमा एकच, 'नारबाची वाडी'. बाकी नुसता पाऊस!

आगरवाला (गुहागर)

कोकणावरचा सगळ्यात चांगला सिनेमा कुठला, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. 'श्वास', नाहीतर 'किल्ला', आणि विशीतली पोरं असतील तर 'तुंबाड'. तिन्ही मी पुन्हा पुन्हा पाहिलेत, तिन्ही आवडतात. पण कोकण म्हणून विचाराल तर माझं मत 2013 च्या 'नारबाची वाडी'ला, आणि तो आज कुणाच्या यादीतसुद्धा नसतो.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. नारबा (दिलीप प्रभावळकर) अगदी जख्ख म्हातारा, जीव सगळा वाडीतल्या झाडांत. गावच्या खोताचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकाचा (मनोज जोशी) त्या वाडीवर डोळा. खोत सौदा करतो की तू आहेस तोवर दरमहा पैसे देतो, गेलास की वाडी माझी. म्हातारा आज-उद्याचा सोबती, असा हिशेब. आणि पैसे सुरू झाल्यावर नारबा खाऊनपिऊन टुणटुणीत होतो, त्याच्या मरणाची वाट बघता बघता खोतच खंगायला लागतो. मूळ गोष्ट बंगाली, मनोज मित्र यांच्या नाटकाची. तपन सिन्हांनी त्यावर 1980 साली 'बांछारामेर बागान' केला होता. मराठीत आणला आदित्य सरपोतदारने, ज्याचा 'मुंज्या' 2024 ला सगळ्यांनी रांगा लावून पाहिला.

आता सांगा, कोकणात माणसं भांडतात कशावरून? गडगा हातभर सरकला म्हणून सख्खे भाऊ गणपतीत एकमेकांच्या आरतीला जात नाहीत, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. सातबाऱ्यावर पणजोबापासूनची नावं, त्यातले निम्मे मुंबईत, दोघं सह्या देत नाहीत, एकाचा पत्ता नाही. कुठला म्हातारा कधी जातो यावर डोळा ठेवून बसलेली माणसं मी लग्नाच्या पंगतीत बघितली आहेत. वरून 'काका, तब्येत बरी ना?' आणि नजर मागच्या परसातल्या कलमांवर. हे ज्या सिनेमात आहे तो कोकणाचा सिनेमा.

'किल्ला' बदली होऊन आलेल्या मुलाचा. दिसतो देखणा, पण ते पाहुण्याचं कोकण. 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर पहिल्यांदाच मराठीला, ऑस्करलाही तोच पाठवला, सगळं मान्य. पण त्यात कोकण येतं किती? बराचसा सिनेमा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. आणि 'तुंबाड'मध्ये तर पाऊस थांबतच नाही. ही शूटिंगवाली मंडळी जूनला येतात आणि ऑगस्टला जातात. मार्च-एप्रिलला विहिरीचा तळ दिसायला लागतो, जांभा इतका तापतो की अनवाणी अंगण ओलांडता येत नाही, ते कोकण कुणाच्या कॅमेऱ्यात आलंय?

बोला. शिव्या घालायच्या तर मुद्द्याला घाला.

मिऱ्यावरून

मुद्द्यालाच घालतो. पाहुण्याचं कोकण म्हणजे कमअस्सल, हे कुणी ठरवलं? माझे वडील सरकारी नोकरीत, दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचललं. नव्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा कुणाशेजारी उघडायचा हा प्रश्न ज्याला पडलाय त्याला 'किल्ला' कळतो. गडावर पोरं चिन्मयला पावसात एकटा टाकून निघून जातात ते आठवा. तो इकडून तिकडे हाका मारत पळतो आणि प्रत्येक कमानीतून तसाच दगड, तसंच शेवाळ. अविनाश अरुणने कॅमेरा स्वतः धरलाय, आणि तिथे देखणं काही नाही, छातीत धडधडतं.

आणि पाऊस का, तर शाळा जूनला सुरू होते म्हणून. बदल्याही त्याच सुमाराला होतात. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात 2014 साली लहान मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. त्या पोरांना सातबारा माहीत नव्हता, तरी कळला.

परळचा चाकरमानी

नारबा टीव्हीवर पाहिला. प्रभावळकर सोडले तर अख्खा सिनेमा नाटक वाटतो. झाडंसुद्धा विंगेतून आणून ठेवल्यासारखी.

आगरवाला

नाटक वाटला तर बिघडलं कुठे? आमच्याकडे माणूस दुधाचे पैसे मागायला आला तरी आधी हातवारे करून चार वाक्यं म्हणतो. आणि प्रभावळकर सोडून कसं चालेल? पैसे हातात पडल्यावर त्यांच्या चालण्यात काय फरक पडतो ते बघा. आधी पाय ओढत चालणारा म्हातारा हळूहळू टाच टेकवायला लागतो. संवाद नाही, काही नाही. एवढ्यासाठी तिकीट काढावं.

मिऱ्याकर, बर्लिनच्या पोरांना कळला हेच तर मी म्हणतोय. जो कुठेही कळतो तो खास आमचा कसा?

गजालीवाली

मेल्यांनो, सकाळधरून वाचतंय तुमची गजाल. सगळे सिनेमे कोकणातले, पण बोलतत खंय कोकणातला? सिनेमात मालवणी बोलणारो म्हणजे एकतर दारुडो, नायतर हसवणारो. हिरो-हिरवीण आपली पुण्याचीच बोलतत. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' नाटक करून मालवणी लंडनाक नेल्यानी तेवा लोकांका कळला की ही पण भाषा आसा. पण तेच्यानंतर मालवणी ऐकली रे ऐकली की लोक हसाकच बसतत. आमच्याकडे कोण मेलो तरी आमी मालवणीतच रडतो, ता कोणाक दाखवूक नको.

माझो सिनेमा 'पिकासो'. 2021 साली इलो, तो पण थेटरात नाय, मोबाईलवर. बापूस (प्रसाद ओक) दशावतारात काम करता, झिलाची चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली हा, पण भरूक पैसे नाय. बस, इतकीच गोष्ट. पण तोंडाक रंग लावतत, पेटीवालो सूर धरता, ता सगळा घाई न करता दाखवल्यानी. मी लहान असताना जत्रेक मांडावाच्या पाठसून डोकावून बघी. आरशाचो तुकडो खांबाक टेकवून मिशी काढूचो माणूस, घटकेपूर्वी आमच्या दुकानात बिडी मागूक इललो. तो मिशी काढून झाल्यार माझ्याकडे बघून हसलो नाय. राजा झाल्लो ना!

2025 चो प्रभावळकरांचो 'दशावतार' पण बघलंय. थेटर भरल्यानी, चांगला झाला. पण तेच्यात दशावतार कमी नि सूड जास्त.

जगबुडीकाठ

खेडचा आहे, त्यामुळे 'तुंबाड'वर बोलायचा हक्क बजावतो. तुंबाड नावाचं गाव आमच्याच तालुक्यात आहे.

आगरवाले, तुमचाच निकष लावतो. जमीन आणि हाव म्हणता ना? मग 'तुंबाड'मध्ये दुसरं आहे काय? सरकारांचा वाडा, त्या वाड्यातल्या खजिन्यावर डोळा ठेवून म्हाताऱ्याची सेवा करणारी बाई, तिची पोरं वाड्याबाहेर. 1918 ला सुरू होऊन गोष्ट स्वातंत्र्यापर्यंत येते, सरकार बदलतं, हाव तीच. आणि हस्तर नावाच्या राक्षसासाठी कणकेच्या बाहुल्या घेऊन उतरायचं, हे तो बाप, विनायक, पोराला शिकवतो कसं? घरचा धंदा शिकवावा तसं. पोरगा बापापेक्षा हुशार निघतो, एक बाहुली पुरे कशाला, जास्त नेऊ म्हणतो. कलमांवर नजर ठेवणारा तुमचा पंगतीतला पाहुणा आणि हा पोरगा, दोघं एकाच घरात शोभतील.

पाऊस थांबत नाही तो दिग्दर्शक ऑगस्टला घरी गेला म्हणून नव्हे. गोष्टीतच तो शाप आहे. राही अनिल बर्वेने त्या पावसासाठी कित्येक पावसाळे घालवले. 2018 ला फारसं कुणी बघितलं नाही, 2024 ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. लोकांना कळायला सहा वर्षं लागली, तुम्हाला अजून थोडी लागतील.

आगरवाला

हाव कुठेही असते हो. 'तुंबाड'ची सगळी हाव सोन्याच्या मोहरांची. नारळ-सुपारीच्या झाडासाठी कुणी जीव टाकत नाही त्यात. आणि तो विनायक पैसे मिळाले की राहायला जातो कुठे? पुण्याला!

जगबुडीकाठ

म्हणजे अगदी खरा कोकणी.

मोगरणे मास्तर (निवृत्त)

तुम्हा सगळ्यांचं कोकण 2004 ला सुरू होतं असं दिसतं. 1964 चा 'वैशाख वणवा' कुणी पाहिलाय? 'गोमू माहेरला जाते हो नाखवा' त्यातलं. आमच्या शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात त्यावर नाच झाला, होड्या पुठ्ठ्याच्या. सिनेमाचं नाव विचारलं तर वर्गात एक हात वर येत नसे. ते गाणं लिहिलं गदिमांनी, माणदेशच्या माणसाने. तेव्हा पाहुण्याला कोकण कळत नाही हे काही पटत नाही.

सावंतवाडीहून सिस्टर

'श्वास'मध्ये कोकण येतं किती, असं विचारणाऱ्याला मला उत्तर द्यायचंय. मी इथे नर्स आहे. आमच्याकडे पेशंट जरा गंभीर झाला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, 'बांबोळीला न्यायचं का?' गोव्याला, नाहीतर कोल्हापूर, पुणे, मुंबई. रात्री गाडी शोधायची, शेजाऱ्याकडून पैसे घ्यायचे, म्हाताऱ्याला पुढच्या सीटवर बसवायचं. परक्या गावच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पिशवी उशाला घेऊन झोपलेला माणूस, तो कोकणच आहे.

अरुण नलावडेंचे आजोबा तिथे कसे उभे राहतात बघा. खुर्ची रिकामी असली तरी लगेच बसत नाहीत. डॉक्टर बोलायला लागले की मान हलवतात, अर्धं कळलेलं नसतं. नातवाचे डोळे काढावे लागणार, आणि ते ऑपरेशनआधी त्याला सांगायला हवं असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा तो माणूस काय करतो? पोराला उचलून बाहेर नेतो, दिसतंय तोवर जग दाखवायला. फॉर्म, सही, तारीख या सगळ्यात त्याला सुचलेलं ते एकच काम. असे आजोबा मी ड्युटीवर बघते. माझ्यासाठी यापेक्षा कोकणातला सिनेमा नाही, समुद्र एकदाही दाखवला नसता तरी.

मिऱ्यावरून

सिस्टर, याला म्हणतात मुद्दा.

कुळवाडी

बराच वेळ गप्प होतो. सगळे जमिनीवर बोलताय, पण कोणाच्या जमिनीवर?

नारबा आगरवाल्यांना आवडणारच, कारण नारबाची वाडी नारबाच्या मालकीची आहे. खोत त्याच्याशी सौदा करायला घरी येतो. माझे पणजोबा खोताच्या अंगणात उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. ज्या जमिनीत राबले ती कागदावर त्यांची नव्हतीच, धान्याचा वाटा मोजून दिल्यावर उरेल ते घरी न्यायचं. वर वेठ वेगळी. 1933 ते 1939 अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. सहा वर्षं. नारायण नागू पाटील पुढारी. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, कायदा यायला 1949 उजाडलं. एवढा ऐवज पडलाय, आणि आपल्या सिनेमातला खोत विनोदी. मिशीला पीळ देणारा, फजिती होणारा.

'श्यामची आई'सुद्धा घ्या. 1953 चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक, मलाही रडू येतं. पण श्यामचं घराणं खोताचं. आपण रडतो ते कर्जात बुडालेल्या खोताच्या घरासाठी. त्याच गावातल्या कुळाच्या आईवर अजून कुणी कॅमेरा लावलेला नाही.

आगरवाला

कुळवाडी, ऐवज पडलाय हे शंभर टक्के. पण विनोदी खोत म्हणून नारबा हलका ठरत नाही. खोताला घाबरून रडणारा नारबा दाखवला असता तर तुम्हीच म्हणाला असतात, 'पुन्हा बिचारा गरीब'. इथे म्हातारा निव्वळ जगत राहून खोताला गाडतो. लोक थेटरात खोताला हसले. तुमच्या पणजोबांना हसायची सोय होती का? नव्हती. ती सिनेमाने करून दिली.

परळचा चाकरमानी

थेटरात म्हणे. आमच्या तालुक्यात थेटर उरलंय कुठे? होतं त्याचं मंगल कार्यालय झालं.

कुळवाडी

हसायला हरकत नाही, मीही हसलो. पण शेवटी पंचाईत खोताच्या तब्येतीची होते, खोतीला काही होत नाही. आणि हे मूळ बंगाली नाटक तिकडच्या जमीनदारावर होतं. जमीनदार काढून खोत बसवला आणि गोष्ट जशीच्या तशी चालली, यावरूनच समजा की खोती म्हणजे नेमकं काय, हे त्यात आलेलं नाही. मक्त्याचे हिशेब कसे व्हायचे, पायली कुणाची वापरायची, कमी भरलं तर पुढच्या साली काय, यातलं एक दृश्य दाखवा, मी माझं मत नारबाला देतो.

गजालीवाली

आणि ता दृश्य मालवणीत नायतर कुणबाऊत होऊक व्हया. पुण्याच्या भाषेत पायली मोजलास तर मी उठून जातलंय.