इंग्रजी विभागात राहून चित्रपटावर पीएचडी : सल्ला हवा आहे

अर्धविराम :
नमस्कार. मी इंग्रजी साहित्यात एम. ए. करत असून हे माझे शेवटचे वर्ष आहे. पुढचे संशोधन चित्रपटावरच करायचे, एवढे मनाशी पक्के आहे. स्वतंत्र चित्रपट विभाग थोडे आहेत आणि तेथील जागाही मोजक्याच असतात; उलट अनेक इंग्रजी विभाग चित्रपटावरील प्रबंध स्वीकारतात असे दिसते. अशा विभागातून पदवी घेतल्यास चित्रपट अभ्यासक म्हणून पुढे अडचण येते का, आणि विषय साहित्यकृतींच्या रूपांतरांपुरताच ठेवावा लागतो का, हे जाणकारांनी सांगावे.

समासातली_नोंद :
मी स्वतः याच वाटेने गेलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. विभागाच्या नावाची फार चिंता करू नका. या विषयाला विद्यापीठांत एकच ठरलेले घर कधीच नव्हते. अमेरिकेतच पाहिले, तर फ्लोरिडा विद्यापीठात चित्रपट व माध्यम अभ्यास इंग्रजी विभागात चालतो, विस्कॉन्सिन-मॅडिसनला तो संज्ञापन कला विभागात आहे आणि शिकागोला त्याचा स्वतंत्र विभाग आहे. खरी चिंता करायची ती आपल्या सवयीची. साहित्याच्या वर्गात आपल्याला शब्दांना चिकटून वाचायला शिकवलेले असते आणि तीच सवय घेऊन आपण पडद्यासमोर बसतो. माझ्या पहिल्या प्रकरणात एका प्रसंगातील संवादांवर मी चार पाने लिहिली होती. ती परत आली तेव्हा समासात एवढेच लिहिलेले होते : ‘या वेळी कॅमेरा कुठे आहे?’ मला उत्तर देता आले नाही, कारण मी ते पाहिलेच नव्हते.

उदाहरण म्हणून ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटातील लहानपणीचा प्रसंग घ्या. आई मुलाला परक्याच्या हवाली करण्याच्या कागदांवर सही करते, एवढे पटकथा वाचूनही कळते. पडद्यावर मात्र कॅमेरा बर्फात खेळणाऱ्या मुलापासून मागे सरकत खिडकीतून घरात येतो. पुढे टेबलाशी आई, एका बाजूला विरोध करणारा बाप आणि त्या सर्वांच्या मागे, खिडकीच्या चौकटीत, मुलगा लहान पण स्पष्ट दिसत राहतो. छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी दूरचे आणि जवळचे सारखेच रेखीव ठेवले आहे, त्यामुळे ज्याच्या आयुष्याचा निकाल लागतो आहे तो खेळत असलेला आपल्याला त्याच क्षणी दिसतो. हे संवादांत कुठेच नाही. असा एखादा प्रसंग निवडा, आवाज बंद करून पाहा, मग चित्र झाकून नुसता आवाज ऐका आणि प्रत्येक शॉटची लांबी, कॅमेऱ्याचे अंतर व हालचाल वहीत उतरवा. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

तिसरी_घंटा :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. रूपांतराबद्दल लिहिते. तेवढेच करावे लागते असे मुळीच नाही, मात्र प्रवेशाच्या वेळी विभागाला ते ओळखीचे वाटते आणि त्या मोहाने पुष्कळ जण तिकडे वळतात. ‘चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक आहे का’ हा प्रश्न तर आता पार झिजला आहे. अभ्यासक जॉर्ज ब्लूस्टोन यांनी ‘नॉव्हेल्स इन्टू फिल्म’ या पुस्तकात १९५७ सालीच ही दोन माध्यमे मुळातून वेगळी असल्याचे मांडले होते. तरीही रूपांतराला नाक मुरडू नये, असे माझे मत आहे. पटकथेचे एकामागून एक खर्डे, निर्मात्याचे शेरे आणि सेन्सॉरशी झालेला पत्रव्यवहार हाती लागला, तर एखादे पात्र किंवा शेवट का बदलला याचा माग काढता येतो. असे कागद लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्समधील मार्गारेट हेरिक ग्रंथालयात (ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे ग्रंथालय) मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि जुनी चित्रपट-व्यवसायाची नियतकालिके मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी या संकेतस्थळावर घरबसल्या विनामूल्य वाचता येतात.

रिकामी_खुर्ची :
व्यवहाराचे थोडे. अर्ज करण्यापूर्वी विभागातील सध्याच्या संशोधक विद्यार्थ्यांना पत्र लिहून विचारा की गेल्या काही वर्षांत चित्रपटावरचे किती प्रबंध पूर्ण झाले, ते कोणी तपासले आणि त्या व्यक्ती आज काय शिकवत आहेत. संकेतस्थळावर ‘चित्रपट’ हा शब्द सगळेच लिहितात. त्या विषयाचा एकमेव प्राध्यापक दोन वर्षांत निवृत्त होणार आहे, हे तेथे लिहिलेले नसते. चित्रपट दाखवण्यासाठी व्याख्यानाखेरीज वेगळा तास ठेवतात का, हेही विचारा. ठेवत नसतील, तर त्या विभागाला चित्रपट हा तोंडी लावण्यापुरता हवा आहे असे खुशाल समजा.

नोकरीसाठी म्हणाल, तर इंग्रजी विभागातून आलेल्याला लेखनकौशल्य आणि साहित्याचे वर्गही घेता येतात, त्यामुळे अर्ज करण्याजोग्या जागा वाढतात. उलट निव्वळ चित्रपटाच्या जागेसाठी मूकपटांपासूनचा इतिहास आणि सिद्धांत पक्के असावे लागतात. म्हणून प्रबंधाआधी द्याव्या लागणाऱ्या पात्रता परीक्षेच्या वाचनयाद्यांपैकी निदान एक यादी पूर्णपणे चित्रपटाची असावी, असा आग्रह पहिल्याच वर्षी धरा.

अर्धविराम :
सर्वांचे मनापासून आभार. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात. माझ्याकडे व्हिक्टोरियन कादंबरीवरचा एक चांगला निबंध आहे आणि चित्रपटावरचा एक कच्चा. कोणता पाठवावा?

समासातली_नोंद :
चित्रपटावरचाच पाठवा, पण पक्का करून. सगळा निबंध पुन्हा लिहिण्याच्या फंदात पडू नका. त्यातील एकच प्रसंग घेऊन त्यावर आठ-दहा पाने नव्याने लिहा. कादंबरीवरच्या निबंधाचा उल्लेख अर्जासोबतच्या हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) दोन ओळींत करता येईल.