इंडक्शनने तापणारा डांबरी रस्ता: बर्फावर चालेल का, आणि सोलापूरला त्यात काय?

चिंचोळी कॉइल (धागाकर्ता)
सोलापुरात बर्फ फक्त रसवंतीवर दिसतो, हा विनोद कुणीतरी करणारच, म्हणून मीच उरकून घेतो. विषय असा: डांबरी मिश्रणात पोलादी लोकरीचे बारीक तंतू घालायचे आणि वरून गाडीला टांगलेली कॉइल फिरवायची. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तंतू तापतात, भोवतीचं डांबर तापतं, बर्फाची पकड सुटते. या क्षेत्राला बर्फ अडवत नाही. गॅस बर्नरने बर्फ वरून भाजावा लागतो. इथे उष्णता थेट त्याच्या बुडाशी तयार होते. त्यामुळे सगळा थर वितळवायचा नाही. बुडाचा अर्धा मिलिमीटर सुटला की गाडीमागचं पातं बाकीचा खरवडून काढतं. हार्डनिंगच्या (पोलादी भाग तापवून कडक करायच्या) कॉइल आपल्या एमआयडीसीत रोज वळल्या जातात. मनाली-लडाखच्या रस्त्यांसाठी हे यंत्र इथे का बनू नये?

मुरूम-गिट्टी
बनेल की. पण वापरणार कोण? हिशेब बघा. एक लेन साडेतीन मीटर, म्हणजे किलोमीटरला ३५०० चौरस मीटर. वरचा एक सेंटिमीटर उणे ५ वरून अधिक ५ अंशांवर न्यायचा. एका चौरस मीटरला ते २३ किलो भरतं, लागतात साधारण २१० किलोज्यूल. अर्धा मिलिमीटर बर्फ वितळवायला आणखी १६०. झाले ३७०, म्हणजे ०.१ युनिट. अख्ख्या लेनला ३६० युनिट. ५० किलोवॉटचा जनरेटर घेतला आणि त्यातले ३० रस्त्यात पोचतात असं धरलं, तर एका किलोमीटरला १२ तास! तोवर मागचा रस्ता परत गोठलेला. उलट २० ग्रॅम प्रति चौरस मीटरने मीठ टाकलं तर ७० किलोत काम होतं, आणि गाडी दोन-तीन मिनिटांत पुढे.

चिंचोळी कॉइल
अख्खा किलोमीटर कोण तापवतोय? पुलाचा डेक, हेअरपिन वळण, बोगद्याचं तोंड, एवढंच. ५० बाय ७ मीटरचा पट्टा म्हणजे ३५० चौरस मीटर, ३५ युनिट, तासाभराचं काम. मिठाचं म्हणाल तर कागदावर ते उणे २१ पर्यंत चालतं, पण उणे १० च्या खाली इतकं मंदावतं की वाहतूक तशीच घसरत राहते. शिवाय पुलाच्या सळईला गंज लावतं, तो खर्च वेगळा.

मुरूम-गिट्टी
अटल बोगद्याची तोंडं ३००० मीटरच्या वर आहेत. तिथे हवा विरळ, डिझेल जनरेटर पाटीवर लिहिलेली ताकद देत नाही. तुमचा तास दीड तासावर जाईल.

पगमिल
तुम्ही दोघं कॉइलवरच भांडताय, आधी माल तरी बनू द्या. तंतू डांबराच्या घनफळाच्या ६ टक्के धरले तर टनाला २३ किलो पोलादी लोकर लागते. ४ सेंटिमीटरच्या बीसी (बिटुमिनस काँक्रीट, रस्त्याचा वरचा डांबरी थर) थरात चौरस मीटरला सव्वादोन किलो. आता ती मिसळायची कशी? ड्रम मिक्स प्लांटवर नाद सोडा. तिथे खडी आणि डांबर सलग वाहतं, तंतू कोरडे फिरवायला वेळच मिळत नाही. बॅच प्लांटच हवा, म्हणजे एकेक घाणा वेगळा मिसळणारा: आधी गरम खडी, मग तंतू थोडे थोडे चाळून, कोरडं मिक्सिंग, मग डांबर. एकदम पोतं ओतलंत तर गोळे होतात. गोळ्याच्या आत डांबर शिरत नाही, पोकळी राहते, रोलर कितीही फिरवा. त्याच जागी पाणी शिरतं, तंतू गंजतात आणि खडी सुटते. कॉइल फिरवली की तोच गोळा सगळ्यात आधी तापून डांबर जाळतो. लांब तंतू घेतले तर गुंता, फार वेळ घुसळले तर तुकडे. म्हणून काही मिलिमीटरचेच घ्यायचे. टायर फुटेल ही भीती मात्र उगाच आहे. लोकर केसाइतकी बारीक, वाकते.

काळी माती
बर्फ सोडा हो, हेच तंत्र आपल्या रस्त्यांच्या भेगांना लावा ना, डांबर तापून मऊ झालं की भेग मिटते. डेल्फ्ट विद्यापीठाच्या एरिक श्लांगेन यांच्या गटाने २०१० मध्ये नेदरलँड्सच्या ए-५८ महामार्गावर भेगा बुजवण्यासाठीच असा पट्टा टाकला होता.

मुरूम-गिट्टी
तो सच्छिद्र डांबराचा रस्ता, त्रास वरची खडी सुटण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू (ज्या तापमानाला ते मऊ पडतं) किमान ४७ अंश, व्हीजी-४० चा ५०. वरच्या केसाएवढ्या भेगा ऊन आणि टायर मिळून फुकटात दाबतात. विजापूर रोडला ज्या रुंद भेगा दिसतात त्या खालून येतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याला वरून तापवून काय होणार? कॉइल वरचा एक-दोन सेंटिमीटरच नीट तापवते. बर्फाला तेवढंच हवं असतं, म्हणून तिथे तरी तुमचं म्हणणं ऐकून घेतो. भेगेला अजिबात नाही. तिथे चुना मिसळून माती सुधारा, बाजूची गटारं मोकळी करा.

पगमिल
+१. आणि शहरात चेंबरच्या लोखंडी झाकणावरून कॉइल गेली की लोड एकदम बदलतो, कॉइलला वीज पुरवणारा इन्व्हर्टर ट्रिप.

चिंचोळी कॉइल
झाकण, पुलाचा जॉइंट, हे सेन्सरने ओळखून कॉइल बंद करता येतं, तो प्रश्न सुटण्यासारखा आहे. मला कॉइल आणि रस्त्यातलं अंतर जास्त छळतं. वर्कशॉपमध्ये आपण दोन-तीन मिलिमीटरवर काम करतो. रस्त्यावर चाकोऱ्या असतात, कॉइल १० वर तरी ठेवावीच लागते. त्यात १० मिलिमीटर बर्फ आला की २०, आणि क्षेत्र झपाट्याने पडतं. म्हणून जाड बर्फावर थेट कॉइल नको: आधी पातं, मग कॉइल, मग परत पातं.

मुरूम-गिट्टी
आणि सुटलेलं पाणी? उतारावर ते पाच मिनिटांत काचेसारखं गोठेल. शेवटी मागून मीठ टाकावंच लागणार.

चिंचोळी कॉइल
लागेल, पण ओल्या पातळ थराला ५ ग्रॅम पुरतात, २० नाही. तुमच्याकडे उणे १२ ला कोरड्या मिठाचा हिशेब असेल तर मांडा, मी तोच पट्टा कॉइलने काढून शेजारी ठेवतो.