लंडन–न्यूयॉर्क विमान: जाताना ९ तास, येताना ७?

कोथरूडचा_डबा: आईबाबांचं मुंबई–लंडन–न्यूयॉर्क तिकीट आहे. १५ मार्चला लंडनहून सकाळी ११:०० ला निघून दुपारी ३:०० ला न्यूयॉर्क. परतीला १० जून, संध्याकाळी ६:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ६:३० ला लंडन. वेळा दोन्हीकडच्या स्थानिक. खरे तास किती? आणि अंतर किती? नकाशावर पट्टी लावली तर भलतंच येतंय.

पेठेतला_गणिती: पट्टी ठेवा बाजूला. नकाशावरची सरळ रेघ धरून उडालं तर साधारण ५,७६० किमी होतात. गोलावरचा जवळचा रस्ता कमानीसारखा असतो, तो लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंत सुमारे ५,५४० किमी. म्हणून न्यूयॉर्क दक्षिणेला असूनही ही कमान लंडनहून निघताना पश्चिमेच्या १८ अंश उत्तरेकडे झुकते. स्वतः काढायचं तर दोन्ही विमानतळांमधला पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ४९.८ अंश येतो. एका अंशाला ६० सागरी मैल, एक सागरी मैल १.८५२ किमी.
घड्याळात ५ तासांचा फरक. जाताना ४+५=९, येताना १२−५=७.

लोहगाव_रनवे: येतानाचे ७ बरोबर, ९ चूक. अमेरिकेची घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. १५ मार्च कोणत्याही वर्षी या दोन्हींच्या मधेच पडतो, तेव्हा फरक ४ तासांचाच. म्हणजे ८ तास. ऑक्टोबरअखेरीच्या आठवड्यातही हाच घोळ: ब्रिटन आधी मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

पेठेतला_गणिती: मान्य. मार्च बघितलाच नाही.

कोथरूडचा_डबा: मग उरलेला एक तास कुठे गेला?

लोहगाव_रनवे: वाऱ्यात. ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा १०० धरा: पाठीशी असेल तर ५,५४० भागिले १,०००, म्हणजे साडेपाच तास, तोंडावर असेल तर भागिले ८००, म्हणजे सात तासांना पाच मिनिटं कमी. त्यात चढण-उतरण, धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि उशिरासाठी ठेवलेली सवड मिळवा. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. वारा रोज बदलतो, म्हणून अटलांटिकवरचे मुख्य मार्ग दिवसातून दोनदा नव्याने आखतात. जाणारी विमानं बऱ्याचदा वारा चुकवायला लांबचा रस्ता घेतात, तेव्हा ५,५४० हा कमीत कमी आकडा समजा. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. असल्या दिवशी उलट दिशेने जाणाऱ्यांचे हाल विचारू नका.

सदाशिव_घड्याळजी: फरक पाठ करायची गरजच नाही. दोन्ही वेळा पुण्याच्या घड्याळात आणा, ते कधी हलत नाही. १५ मार्च: लंडनचे ११:०० म्हणजे आपले दुपारचे ४:३०, न्यूयॉर्कचे ३:०० म्हणजे आपले रात्रीचे १२:३०. आठ तास. जूनमध्ये न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ६:३० म्हणजे आपले पहाटेचे ४:००, लंडनचे ६:३० म्हणजे सकाळचे ११:००. सात. मार्चमध्ये ‘पोचलो’ फोनसाठी मात्र एकपर्यंत जागं राहावं लागेल.