सीडी-तांब्याचं ‘घरगुती सोलर’ आणि मोबाईल चार्जिंग

मिरजेचा वायरमन : काल इथं एकानं टाकलंय, ‘जुन्या सीडी, तांब्याची तार, चार डायोड, शंभर रुपयांत पॅनेल, मोबाईल चार्ज. कंपन्या लुटतात.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. सीडीच्या चकाकीतनं वीज निघत नाही ओ! घरात खरंच होणारा प्रयोग वेगळा. तांब्याचा पत्रा शेगडीवर अर्धा तास तापवायचा, हळूहळू गार होऊ द्यायचा. काळा पापुद्रा सुटला की खाली तांबूस थर राहतो, क्युप्रस ऑक्साईडचा. शेजारी तांब्याचाच, पण न तापवलेला पत्रा ठेवून दोन्ही बरणीत मिठाच्या पाण्यात उभे करायचे. भर उन्हात पाव व्होल्ट आणि 50 मायक्रोअँपियरच्या (म्हणजे अँपियरच्या दहा लाखाव्या भागाच्या 50 पट) आसपास मिळतात. मोबाईलला 5 व्होल्ट, 1 अँपियर लागतो. गुणाकार करा, अशा चार लाख बरण्या मांडाव्या लागतील. लोकांना फसवू नका.

जतची शिक्षिका : दादा, हिशोब बरोबर आहे, पण प्रयोगाला का झोडपताय? आमच्या वर्गात हीच बरणी खिडकीत होती. हात आडवा धरला की मीटरवरचा आकडा पडायचा, काढला की चढायचा. सावली कुठल्या पत्र्यावर पडल्यावर आकडा पडतो, हे सातवीतल्या पोरीनं स्वतः शोधलं. 1954 साली अमेरिकेतल्या बेल लॅबनं दाखवलेला सिलिकॉनचा सोलर सेलसुद्धा उन्हातल्या ऊर्जेपैकी 6 टक्क्यांचीच वीज करायचा.

पलूसचा ऊसवाला : मी सुटे सोलर सेल आणून 36 जोडले. एकेक अर्ध्या व्होल्टचा, 18 व्होल्ट मिळाले. फवारणी पंपाची बॅटरी चार्ज व्हायची. घरी होत नाही म्हणू नका.

मिरजेचा वायरमन : सेल कारखान्यातले, मग घरगुती काय? पापडासारखे तडकतात ते. आणि पावसाळ्यात टिकलं का?

पलूसचा ऊसवाला : कडेनं ओल शिरली, पट्ट्या काळ्या पडल्या. पण आम्ही हे का करतो ते विचारा की! शेतीची लाईट रात्री. बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन पाणी पाजायला जातो. तुम्ही पंख्याखाली बसून मायक्रोअँपियर मोजा.

मिरजेचा वायरमन : तोंड सांभाळून. रात्री खांबावर मीच चढतो.

आटपाडीचा डाळिंबवाला : सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करा. मी पंपाच्या किमतीचे 10 टक्के भरले. मी दिवसा पाणी देतो, रात्री झोपतो.

पलूसचा ऊसवाला : तुमच्या डाळिंबाला ठिबक पुरतं. आमच्या उसाला 3 एचपी काय पुरणार? आभाळ आलं की धार बारीक.

आटपाडीचा डाळिंबवाला : अडीच एकरांच्या वर 5 एचपी मिळतो, पाचाच्या वर साडेसात. आधी वाचा, मग ओरडा. आणि आभाळ येतं तेव्हा उसाला पाणी कमीच लागतं.

पलूसचा ऊसवाला : कमी लागतं, मान्य. पण पाऊस न पडता आठ-आठ दिवस नुसतं आभाळच राहिलं तर?

जतची शिक्षिका : मूळ विषय बरणीचा होता.

मिरजेचा वायरमन : बरं ताई, वर्गापुरती तुमची बरणी चालू दे. पण मोबाईल चार्ज होतो म्हणणाऱ्यानं मीटर लावून, सीडीमागची बाजू दाखवून व्हिडिओ टाकावा. तोवर मी ऐकणार नाही.

पलूसचा ऊसवाला : आणि माझ्या आभाळाचं उत्तर कोण देणार?